सर पासला निघालात? मग बर्फ आधी असा तपासा

कसोलची तिकिटं काढून झाली, सॅक माळ्यावरून खाली आली, बूटही घेतलेत. छान! आता जेवणाचं टेबल पुसून मोकळं करा, गोखले रोडच्या बाजूची खिडकी लावून घ्या आणि इथे माझ्या शेजारी बसा. मे महिन्यात हिमालयाच्या उतारांवर हिवाळ्याचा बर्फ अजून पडून असतो. तो कुठे घसरू शकतो हे नकाशावर दिसतं, आणि कधी घसरेल हे बरंचसं घड्याळ सांगतं. दोन्ही तपासायला ठाण्याच्या नौपाड्यातूनच सुरुवात करता येते.

कृती सर पास धरून लिहिली आहे. हमता, रुपिन किंवा आणखी कुठे निघाला असाल, तरी क्रम हाच ठेवा. मात्र ही आखलेल्या वाटांवरच्या, लीडर सोबत असलेल्या ट्रेकसाठी आहे. शिखर मोहिमेसाठी उत्तरकाशी किंवा मनालीच्या संस्थेतला गिर्यारोहणाचा कोर्स करा. तिथे एवढ्यावर भागत नाही.

साहित्य: लॅपटॉपवर गूगल अर्थ प्रो (फुकट मिळतं), मोबाइलमधलं होकायंत्र, सारख्या लांबीच्या दोन काठ्या, एक वही, एक लाल आणि एक निळं पेन.

घरी, टेबलावर

१. गूगल अर्थमध्ये तुमची वाट आखा. आयोजकांनी पाठवलेलं पत्रक समोर ठेवा आणि कसोल, ग्रहण, नगारू, सर पास, बिस्केरी, बरशैनी अशी एकेक जागा जोडत जा. सावधान: कॅम्पच्या जागा वर्षागणिक थोड्या बदलतात. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राची आखणी तशीच उचलू नका.

२. वहीत बर्फाचा टप्पा निळ्या पेनाने वेगळा काढा. सर पासच्या ट्रेकमध्ये तो मुख्यतः नगारूपासून बिस्केरीकडे उतरेपर्यंतचा. बाकी दिवस जंगल, कुरणं आणि गावं आहेत, त्यांच्यावर आज वेळ घालवू नका.

३. त्या टप्प्याचा उंचीचा आलेख उघडा. आखलेल्या रेषेवर उजवं क्लिक केलंत की पर्याय दिसेल. आलेखावर कर्सर फिरवा, प्रत्येक ठिकाणचा उतार टक्क्यांत दिसतो. इथे भलेभले गडबडतात, कारण टक्के म्हणजे अंश नव्हेत. वहीच्या कोपऱ्यात हे लिहूनच ठेवा: ४७ टक्के म्हणजे २५ अंश, ५८ टक्के म्हणजे ३० अंश, ८४ टक्के म्हणजे ४० अंश आणि १०० टक्के म्हणजे ४५ अंश.

४. ३० ते ४५ अंशांचे सगळे तुकडे लाल करा. बर्फाची लादी तुटून घसरते ती बहुतेक वेळा याच उतारांवरून. त्याहून सपाट जागी ती सहसा सुटत नाही, आणि फार उभ्या जागी बर्फ साचतच नाही, थोडा थोडा गळून जातो. सावधान: गूगल अर्थ डोंगराला जरा इस्त्री करून दाखवतं. लहान पण उभे टप्पे त्यात हरवतात, म्हणून २५ अंशांपासूनच लाल पेन हातात घ्या.

५. आता वाट सोडा आणि वाटेच्या वर बघा. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. तुम्ही अगदी सपाटीवरून चालत असाल, पण डोक्यावर ३५ अंशांचा मोकळा उतार असेल, तर तिथून सुटलेला बर्फ तुमच्या सपाटीवर येऊनच थांबणार. म्हणून वाटेवरच्या दर दोनतीनशे मीटरवरून थेट वरच्या धारेपर्यंत एक रेषा ओढा आणि तिचाही आलेख बघा. मग चित्र मोठं करून जंगल न्याहाळा. देवदारांच्या दाट हिरव्यात वरून खालपर्यंत एखादा उभा बोडका पट्टा दिसला, तर तिथून बर्फ वारंवार खाली येतो असं धरा आणि तो पट्टा लाल करा. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रंही बघता येतात. उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं चित्र आलटूनपालटून बघितलंत, तर असे पट्टे पटकन नजरेत भरतात.

६. वाट ओलांडणाऱ्या सगळ्या नाळी मोजा. ठाण्याच्या ट्रेकरला हे मुद्दाम सांगावं लागतं. सह्याद्रीत आपण नाळ दिसली की खूश होतो, कारण कड्यातून वर जायची तीच वाट असते. बर्फात उलटं आहे. वरचा सगळा बर्फ नाळेतच जमा होतो आणि सुटला की नाळेतूनच येतो. नाळ चढायची नाही, नाळेत जेवायला बसायचं नाही, तिथे फोटोही नको. लवकर, आडवी ओलांडायची आणि पुढे व्हायचं.

७. प्रत्येक लाल तुकड्याखाली काय आहे ते लिहा. कडा, ओढा, खळगा की मोकळी सपाटी? खाली कडा असेल तर गुडघाभर बर्फही माणसाला ढकलायला पुरतो, आणि खळगा असेल तर तेवढाच बर्फ तिथे डोक्याएवढा साचतो. अशा तुकड्यांवर दोन लाल रेघा मारा.

८. प्रत्येक लाल उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा. उतारावरून पाणी ओतलं तर ते ज्या दिशेला वाहील, ती त्याची दिशा. सावधान: तुम्ही उताराकडे तोंड करून उभे असता, तेव्हा तुमची दिशा उताराच्या बरोबर उलटी असते. वहीत नेमकी हीच चूक होते आणि पुढचं सगळं गणित उलटं बसतं.

९. दिशेपुढे उन्हाची वेळ लिहा. मे महिन्यात कुलूच्या बाजूला साडेपाचच्या आसपास उजाडतं. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन सगळ्यात आधी, म्हणून तो सगळ्यात आधी मऊ होतो. दक्षिणेचा उतार दहा-अकरापासून तापतो, पश्चिमेचा दुपारनंतर. उत्तरेचा सगळ्यात उशिरा, पण मे महिन्यातला सूर्य इतका वर असतो की तोही सुटत नाही. पूर्वेच्या उतारापुढे ठळक अक्षरांत लिहा: ‘सकाळी सातच्या आत पार’.

१०. आता वेळ उलटी मोजा. समजा लाल उताराच्या पलीकडे सातला पोहोचायचं आहे आणि कॅम्पपासून तिथवर ४०० मीटर चढ आहे. त्या उंचीवर मोठा गट तासाला २०० मीटर चढला तरी बरं म्हणायचं. म्हणजे दोन तास झाले. बुटाच्या नाड्या, पाणी, कुणाची तरी हरवलेली टोपी यांना अर्धा तास द्या, आणि वर आणखी अर्धा तास हाताशी ठेवा. निघायचं चारला, उठायचं अडीचला. अडीच बघून पोटात गोळा आला का? साहजिक आहे. पण आपण शेवटची कसारा लोकल पकडून रात्रभर चालतोच की, त्यापेक्षा हे सोपं आहे.

११. परत फिरायची वेळ ठरवा आणि शाईने लिहा. ‘या वेळेपर्यंत लाल उतार पार झाला नाही, तर माघारी.’ एक प्रत सॅकमध्ये, एक घरी फ्रिजवर. हे आजच करा. तिथे साडेबारा हजार फुटांवर, पास समोर दिसत असताना, ‘एवढं आलोय तर जाऊ या’ म्हणणारा आवाज फार मोठा असतो आणि बरेचदा तो आपलाच असतो.

जिन्यात आणि मुंब्र्याला

१२. दोन्ही काठ्या घेऊन इमारतीच्या जिन्यात या. सहा इंच उंच आणि दहा इंच रुंद पायरीचा जिना साधारण ३१ अंशांचा असतो. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत तो याहून थोडा जास्तच उभा असेल. दुसऱ्या मजल्यावर थांबून एकदा खाली बघा: घसरणाऱ्या बर्फाचा उतार हा असा, एवढाच. फोटोत दिसतो तसा भिंतीसारखा नव्हे.

१३. एक काठी पायरीच्या कडेवर उभी धरा.

१४. दुसरी काठी पहिलीच्या बरोबर मध्यावर, वरच्या पायऱ्यांच्या दिशेने आडवी धरा. तिचं टोक अलगद टेकलं तर उतार २७ अंशांचा. पूर्ण लांबी मावायच्या आतच ती अडली तर त्याहून उभा. टोक हवेत राहिलं तर कमी. बर्फावर हीच चाचणी करायची आहे, म्हणून शेजारी विचित्र नजरेने बघत असले तरी चारपाच वेळा करून घ्या. सावधान: आडवी काठी खरंच आडवी हवी. हात खाली झुकला की उतार आहे त्यापेक्षा उभा दिसतो, वर गेला की सौम्य दिसतो आणि आपण फसतो.

१५. रविवारी मुंब्रा स्टेशनवर उतरून देवीच्या डोंगराकडे बघा. डोंगर स्टेशनच्या ज्या दिशेला, तुमच्याकडे बघणारा त्याचा उतार बरोबर त्याच्या उलट दिशेचा. होकायंत्राने खात्री करा. आठव्या पायरीतला गोंधळ इथे कायमचा सुटतो. जमलं तर सकाळी नऊला एकदा आणि दुपारी चारला एकदा बघा, ऊन कुठून कुठे सरकतं ते पाठ होईल.

निघायच्या आठवड्यात

१६. हवामान विभागाच्या ‘मौसम’वर कुलूचा अंदाज रोज बघा. वेस्टर्न डिस्टर्बन्स येतोय असं दिसलं तर कान टवकारा. कसोलला पाऊस म्हणजे वर ताजा बर्फ. सावधान: कसोलचं तापमान पासला लावू नका. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश वजा करा.

१७. ‘सचेत’ ॲप मोबाइलवर घ्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं आहे. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे काढते, तेही त्यावर येतात. इशाऱ्यात धोक्याचे पाच स्तर असतात. ३ आकडा दिसला की ‘चला, मधलाच आहे’ असं म्हणू नका. ३ म्हणजे माणसाच्या वजनानेही बर्फ सुटू शकतो. त्या दिवशी लाल उतारावर पाऊल नाही, विषय संपला. आणि मे महिन्यात इशारा आला नाही म्हणजे धोका नाही, असाही अर्थ काढू नका. तो जिल्ह्यासाठी असतो, तुमच्या नाळेसाठी नाही.

१८. आयोजकांना फोन लावा आणि तीनच प्रश्न विचारा: पासच्या दिवशी कॅम्पवरून किती वाजता निघतो? परत फिरायची वेळ कोणती? रात्री बर्फ पडला तर एक दिवस थांबायची सोय आहे का? ‘काही होत नाही हो, दरवर्षी जातो आपण’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हे. गोड बोलून पुन्हा विचारा.

ट्रेक नाही, फक्त आईबाबांना घेऊन मनालीला चाललात? मग रोहतांग किंवा अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला गाडी मोकळ्या उताराच्या पायथ्याशी थांबवू नका आणि जिथवर परवानगी आहे त्याच्यापुढे एक पाऊल टाकू नका. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक-नथुला रस्त्यावर दुपारी बाराच्या सुमारास बर्फ कोसळून सात पर्यटक गेले. परवाने १३व्या मैलापर्यंतचे होते, माणसं त्याच्या पुढे गेली होती. तुमच्यासाठीच्या पायऱ्या इथे संपल्या. बाकीचे पुढे चला.

कॅम्पवर, आदल्या संध्याकाळी

१९. कॅम्प लीडरला विचारा, गेल्या तीन दिवसांत किती बर्फ पडला. एका दिवसात वीतभराहून जास्त पडला असेल, तर किमान दोन दिवस लाल उतार टाळा. सगळ्यात वाईट वेळ कोणती? बर्फ पडून गेल्यावर आकाश लख्ख उघडतं, पहिलं कडक ऊन पडतं आणि सगळे म्हणतात, ‘वा, काय हवा आहे!’ तीच.

२०. समोरचे सगळे उतार सावकाश न्याहाळा. चहाचा कप हातात असू द्या, दहा मिनिटं द्या. कुठे बर्फ तुटल्याची सरळ रेघ दिसते का, पायथ्याशी ढेकळांचा ढीग आहे का, मातकट ओरखडा आहे का? दिसला तर त्या उताराची दिशा वहीत लिहा. उद्या त्याच दिशेचे तुमचे उतार बाद. याहून खात्रीची खूण दुसरी नाही, आणि हिला कसलंही यंत्र लागत नाही.

२१. झोपण्यापूर्वी एकदा आकाश बघा. चांदण्या स्वच्छ दिसत असतील तर बर्फ रात्रीत चांगला गोठेल. ढगांचं पांघरूण असेल, तर थंडी वाजत असूनही बर्फ आतून ओलाच राहतो. पाऊस पडत असेल तर लीडरकडे जा आणि उद्याचं आताच बोलून घ्या.

पहाटे, तंबूच्या बाहेर

२२. तंबूजवळच्या जुन्या बर्फावर टाच जोरात आपटा. कडक आवाज आला आणि टाच जेमतेम रुतली, तर उत्तम. पापुद्रा मोडून घोट्यापर्यंत गेली, तर घाई करा, वेळ कमी आहे. पोटरीपर्यंत गेली, तर रात्री बर्फ गोठलाच नाही. आज पास नाही. सावधान: पायवाटेवरचा तुडवलेला बर्फ नेहमीच घट्ट लागतो, म्हणून चाचणी वाटेपासून चार पावलं बाजूला घ्या. आणि हे फक्त जुन्या बर्फाला लागू. वर ताज्या बर्फाचा थर असेल तर कडक थंडीतही त्याचा भरवसा नाही.

२३. वही उघडून हो की नाही ठरवा. रात्र गोठली? ताजा बर्फ नाही? वेळेत निघतोय? तीनही ‘हो’ असतील तर चला. एक ‘नाही’ असेल तर लीडरला सांगा, स्पष्ट सांगा. लीडर ‘नको’ म्हणाला तर वाद नाही. पण तो ‘चला’ म्हणाला आणि तुमची टाच पोटरीपर्यंत रुतली असेल, तर कॅम्पवर मागे राहायचा हक्क तुमचा आहे.

वाटेवर

२४. दर अर्ध्या तासाने एक पाऊल वाटेबाहेर टाकून बघा. घोट्यापर्यंत रुतायला लागलात की वेग वाढवा, पोटरीपर्यंत रुतलात की उतारावरून बाहेर पडा. फिरायच्या वेळेला अजून अवकाश असला तरी.

२५. मूठभर बर्फ घेऊन दाबा. भुरभुरला तर कोरडा. रव्याच्या लाडवासारखा वळला तर ओलावा आला आहे, जागे राहा. बोटांतून पाणी निघालं तर त्या दिशेच्या उतारांना त्या दिवसापुरता रामराम. हातमोजा काढून करा. मोज्यातून पाणी कळत नाही.

२६. वरून बर्फाचे गोळे घरंगळत येतात का बघा. उन्हाने तापलेल्या खडकाखालून, झाडाखालून सुटून चाकासारखे गरगरत आले, तर तो उतार मऊ झाला. मुलं बघून हसतात, मोबाइल काढतात. तुम्ही त्यांना पुढे ढकला.

२७. मधूनमधून सगळ्यांना गप्प करा आणि ऐका. पायाखालून ‘वुम्फ’ असा दबका आवाज आला किंवा पावलापासून तडा सुटत गेला, तर आतली लादी मोडली आहे. आल्या पावली मागे, एकेक करून. इथे चर्चा नाही.

२८. धारेवर पोचलात की कडेपासून लांब राहा. वाऱ्याने बर्फाचा छज्जा बाहेर लोंबतो आणि वरून तो सपाट जमिनीसारखाच दिसतो. मोडतो तेव्हा वाटतं त्याहून बराच आतून मोडतो. ग्रुप फोटो खडकावर उभं राहून काढा, तोही छान येतो.

लाल उतार ओलांडताना

२९. काठ्यांची चाचणी घ्या. जिन्यात केली तशीच, उतार सुरू होतो तिथे. सावधान: उताराच्या मध्यावर जाऊन मोजण्यात काही अर्थ नाही.

३०. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, काठ्यांचे फास मनगटातून काढा. बर्फ आलाच तर या गोष्टी माणसाला खाली ओढतात.

३१. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावा.

३२. पलीकडची सुरक्षित जागा बोटाने सगळ्यांना दाखवा. मोठा खडक, उंचवटा, दाट झाडी चालेल. नाळ आणि खळगा नाही. ‘तिकडे कुठेतरी’ असं सांगू नका.

३३. एकाने बघायचं, एकाने चालायचं. पहिला पलीकडे पोचल्याशिवाय दुसरा निघत नाही. पन्नास जणांच्या गटात हे कंटाळवाणं होतं आणि मागून ‘चला, चला’ सुरू होतं. होऊ द्या. सगळे एका रांगेत उतारावर असणं म्हणजे सगळ्यांचं वजन एकाच वेळी त्या बर्फावर. वाट फार लांब असेल तर निदान बरंच अंतर ठेवून चाला, आणि मध्ये कुणीही थांबायचं नाही, नाडी सुटली तरी.

३४. घसरगुंडी लीडर सांगेल तिथेच करा. सर पासवरून उतरताना बर्फावर बसून घसरायची मजा असते, ती जरूर घ्या. पण शेजारी दिसणारा कोरा, न वापरलेला उतार कितीही मोहात पाडो, तिकडे वळू नका. आणि एक माणूस खाली उठून बाजूला झाल्यावरच पुढचा. खाली ओढा वाहतोय का तेही बघा. मे महिन्यात ओढ्यांवरचे बर्फाचे पूल आतून पोकळ झालेले असतात.

झालंच तर

३५. बर्फ सुटताना दिसला की ओरडा आणि जवळच्या बाजूकडे पळा. खालच्या दिशेने पळू नका, तो तुमच्यापेक्षा वेगाने येतो.

३६. वाहून जात असाल तर काठ्या टाकून हातपाय मारत वर राहायचा प्रयत्न करा.

३७. वेग कमी होतोय असं वाटताच हात तोंडासमोर आणा. श्वासापुरती पोकळी राहायला हवी. एकदा थांबल्यावर बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, मग बोटही हलत नाही.

३८. बघणाऱ्याने नजर हलवू नये. माणूस शेवटचा जिथे दिसला तिथे काठी रोवा.

३९. वर बघून दुसरा बर्फ येत नाही याची खात्री करा.

४०. रोवलेल्या काठीपासून खालच्या दिशेने लगेच शोधा. टोपी, मोजा, काठी, जे वर दिसेल त्याच्या आसपास खणा. पहिली दहा-पंधरा मिनिटं हातातली असतात, आणि तेवढ्यात फक्त सोबतचेच लोक पोचू शकतात. म्हणून सगळे मदत आणायला पळू नका.

४१. एकाला, पळणाऱ्यातल्या पळणाऱ्याला, कॅम्पवर धाडा. नेटवर्क मिळेल तिथून ११२. सावधान: अमेरिकेतल्या मामेभावाने दिलेलं सॅटेलाइट मेसेज पाठवायचं यंत्र सॅकमध्ये टाकणार असाल तर थांबा. सरकारी परवानगीशिवाय भारतात ते बाळगणं गुन्हा आहे.

उतरल्यावर

४२. बिस्केरीला पोचलात की चहा घ्यायच्या आधी वही उघडा आणि कॅम्प लीडरला तीन गोष्टी सांगा: बर्फ किती वाजता मऊ व्हायला लागला, कुठला उतार घसरलेला दिसला, कुठल्या ओढ्यावरचा पूल खचला. हंगामात रोज नवी तुकडी निघते, आणि नगारूला आज रात्री झोपणारी पोरं उद्या पहाटे तुमच्याच पावलांवरून येणार आहेत. तुमची वही त्यांच्यापर्यंत पोचवा.